हॉलिससाठी मोकळी ओळ

"काल हॉलिस अर्धाच ऐकू आला. अर्धा माणूस मी वहीत लिहीत नाही," एल्वुड म्हणाला आणि पेन्सिलीला टोक करायला बसला.

व्हर्नाने कपाळाला हात लावला. नवऱ्याचा हा हट्ट तिला नवा नव्हता. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या कागदगिरणीत एल्वुडला मोर्स, म्हणजे बिनतारी संदेशांची टिंब-रेघांची लिपी, शिकवणारा हॉलिस आता ब्याऐंशीचा झाला होता. हृदय पार थकलेलं. वसंत दिसेल अशी खात्री डॉक्टरही देत नव्हते. हौशी रेडिओच्या एकशेसाठ मीटरच्या खट्याळ पट्ट्यावर त्याला गाठायचं राहिलेलं प्रशांत महासागरातलं हे एकच बेट. तेवढ्यासाठी ही दोघं अँटेनाच्या तारांची भेंडोळी घेऊन इथवर आली होती. एक तार नारळावर चढवली होती, बाकीच्या वाळूत पसरल्या होत्या आणि घरमालकीण तेरेमोआनाबाईंची डुकरं त्या रोज उकरत होती. उद्या सकाळी परतीचं विमान होतं.

"लिही की रे. कोण बघतंय?"

"हॉलिस बघेल."

"अरे, खूश होईल तो."

"नाही होणार. त्यानेच शिकवलंय मला. दोघांनी एकमेकांचं नाव ऐकायचं, आवाज किती स्पष्ट येतोय त्याचा आकडा ऐकायचा, तर भेट झाली. नाहीतर ती नुसती इच्छा."

सूर्य बुडाला तसा पट्टा जागा झाला. शेकडो स्टेशनं एकदम हाका मारू लागली. त्या बाजारात हॉलिसच्या परसातल्या बुटक्या तारेचा काय पाड लागणार? एल्वुडने विनंती पाठवली: फक्त हॉलिस, बाकीच्यांनी थांबावं. एरवी या लोकांना थांबा म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण आज एकेक करून सगळे गप्प झाले. व्हर्नाच्या अंगावर काटा आला.

स्पीकरच्या खरखरीतून हॉलिस आला. गिरणीत बोट तुटल्यापासून त्याची मोर्समधली रेघ जरा लांबायची. व्हर्नालाही ती ओळखू आली. पूर्ण नाव आलं. एल्वुडने ते वहीत लिहिलं आणि आकडा पाठवला. आवाज कसाही असो, बहुतेकजण सर्वांना एकच ठरलेला आकडा देतात. एल्वुडने खरा दिला, ऐकल्याशिवाय न कळणारा.

उत्तर आलं, पुन्हा?

त्याने पुन्हा पाठवला. सहा वेळा पाठवला. ठोकून दे रे म्हाताऱ्या, व्हर्ना मनात म्हणत होती, मिळाला म्हण, कोण तपासायला येतंय. मग हॉलिसने सावकाश काहीतरी पाठवलं. एल्वुडने ते वाचून दाखवलं.

"आकडा नाही मिळाला. लिहू नकोस."

एल्वुडने खोडरबर घेतला आणि नाव पुसलं.

"आता म्हण मला, लिही म्हणून."

व्हर्नाला त्या दोन म्हाताऱ्यांचा फार अभिमान वाटला. रडू आलं ते वेगळं.

पट्ट्यावर अजूनही कोणी हाक मारत नव्हतं. तेवढ्यात फार दुरून दोन टिंबं आली, निरोप घेताना देतात तशी. एल्वुडनेही दोन दिली. मग वहीतली ती ओळ मोकळी सोडून त्याने पुढच्या हाकेसाठी खालच्या ओळीवर पेन्सिल टेकवली.