तोरणातल्या जास्तीच्या कोयऱ्या

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि मण्यांचं एक तोरण डोळ्यांसमोर आणा. दोन टोकांना दोन पोपट आणि मधे नुसत्या कोयऱ्या. हिरवी कोयरी, तिच्या पोटात लाल मणी, कडेनं पांढरी ओळ. शेजारी पुन्हा तशीच, तिच्या शेजारी पुन्हा तशीच. आता समजा, हे तोरण समोर ठेवून तुम्ही दुसरं ओवताय आणि मधेच कुणी हाक मारली. तुम्ही उठलात, काम करून परत आलात. सांगा बघू, कुठल्या कोयरीवर होतात?

नाही ना आठवत? स्वरदालाही आठवलं नाही.

रायपूरच्या तात्यापाऱ्यात तिची प्रमोदिनी आत्या राहते. आत्याच्या राधिकाचं लग्न अगदी तोंडावर आलं होतं. त्यांच्या घरी रुखवतात मांडायचं तोरण कागदावरच्या नक्षीवरून करत नाहीत. आईचं तोरण समोर पसरायचं आणि त्याच्याकडे बघत लेकीचं ओवायचं. आत्यानं तिच्या आईच्या तोरणावरून स्वतःचं केलं होतं, आता तिच्या तोरणावरून राधिकाचं. पोपट आत्यानं स्वतः ओवले. मधला भाग मात्र या खेपेला अकरा वर्षांच्या स्वरदाच्या हाती आला.

"पोपट बिघडला तर त्याचा कावळा होते," आत्या म्हणाली. "कोयरीले काय होते? एकच एक तर हाय. कर तू."

स्वरदा हरखून गेली. आजवर तिनं रुखवताची ताटं नुसती उचलून दिली होती. आता पाहुण्यांसमोर तिच्या हातचं काम मांडलं जाणार होतं. निम्म्या कोयऱ्या झाल्या, तेव्हा आत्यानं मधल्या कोयरीला टांगायच्या दोऱ्याची गाठही मारून ठेवली.

आणि आज, शेवटची गाठ मारून तिनं नवं तोरण जुन्याशेजारी ठेवलं, तर नवं चांगलं वीतभर लांब! मघाशी गोल बाजारातून मणी आले म्हणून ती दार उघडायला उठली होती. परतल्यावर तिनं झालेल्याच कोयऱ्या पुन्हा ओवल्या होत्या. तिनं हळूच कात्री उचलली.

"अगं थांब, थांब! दोरा कापलास तर सगळे मणी घरभर होतील."

दारात आत्याचा मुलगा निरंजन उभा होता. तो एका संस्थेत माणसांच्या आणि वानरांच्या डीएनएचा अभ्यास करतो.

"दादा, गलती हो गई," स्वरदा रडवेली होऊन म्हणाली. "सगळ्या सेम दिसतात."

निरंजन खाली बसला. "माहीत आहे. आम्हीही कितीतरी वर्षं अशाच जागी अडकलो होतो."

"तुम्ही पण तोरण करता?"

"करत नाही, वाचतो. तुझ्या शरीराच्या प्रत्येक पेशीत डीएनएचे लांबच लांब दोरे गुंडाळून ठेवलेले असतात. प्रत्येकाची एक कंबर असते. तिथे साधारण एकशे सत्तर अक्षरांचा एक तुकडा हजारो वेळा पुन्हा पुन्हा येतो. अगदी या कोयऱ्यांसारखा. आम्ही दोरा छोट्या छोट्या तुकड्यांत वाचायचो. मग हातातला तुकडा कुठल्या कोयरीचा, ते कसं कळणार? आता लांब तुकडे वाचता येतात, म्हणून कुठं हा भाग उलगडला."

त्यानं कपाटातून आत्याच्या आईचं तोरणही काढलं आणि तिन्ही तोरणं ओळीनं मांडली.

"पोपट बघ. एकाच हातचे वाटतात की नाही? माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या दोऱ्यांचे बाकीचे भाग असेच बरेचसे सारखे आहेत. पण मधे बघ."

स्वरदा वाकली. आजीच्या तोरणात कोयऱ्या कमी होत्या. आत्याच्या तोरणात जास्त, आणि मधल्या कोयऱ्यांच्या पोटात लाल मण्यांसोबत एक पिवळा. कडेच्या कोयऱ्या मात्र आजीसारख्याच.

"माझ्या आईच्या सासरच्या दाराची चौकट रुंद होती," निरंजन म्हणाला. "तिनं मधे नव्या घातल्या, जुन्या कडेला सरकल्या. पेशीतही बऱ्याचदा तसंच होतं. दोऱ्याची नक्कल होताना मधे नव्या रांगा वाढतात, जुन्या बाजूला ढकलल्या जातात आणि तिथे हळूहळू बिघडत जातात. म्हणून माणसाची मधली रांग वेगळी, चिंपांझीची वेगळी."

"एवढं बदललं तरी चालतं?"

"एका पेशीच्या दोन होताना दोरा कंबरेला धरूनच ओढला जातो. तिथे नीट पकड बसली, की झालं."

"म्हणजे माझी गलती ही गलती नाहीच?"

निरंजन हसला. "पेशीला दाराची चौकट नसते, बाई. इथं आहे. चालेल का, ते आत्यालाच विचार."

स्वरदानं कात्री खाली ठेवली, तोरण दोन्ही हातांवर घेतलं आणि स्वयंपाकघरात गेली. आत्या अनारसे तळत होती, राधिका शेजारी बसून ते चाळणीत निथळत ठेवत होती.

"आत्या, मी कोयऱ्या जास्त ओवल्या. वीतभर."

आत्यानं झारा ठेवला, चष्मा कपाळावरून खाली ओढला. "काहून व पोट्टे? ध्यान कुठं होतं तुयं?"

"दार उघडायला गेले होते."

"आता हे दाराले लावलं तर झोल पडन ना मधे! जावई पडला उंच. डोक्याले लागन त्याच्या."

"लागू दे की," राधिका म्हणाली. "तेवढंच वाकून आत येईल."

आत्या हसू दाबत होती, पण ते ओठांच्या कोपऱ्यातून निसटलंच. मग तिनं कोयऱ्या बोटांनी चाचपल्या. एकही मणी सैल नव्हता.

"वीण तं घट्ट हाय," ती म्हणाली. "पण रुखवतात मधोमध खिळ्याले टांगा लागते याले, अन् ज्या कोयरीले मी गाठ बांधली होती ते आता मधात नाही राहिली. एकीकडे लटकन. मांडाचं असन तं मधली जागा तू शोधून दाखव. नाही तं उसव."

स्वरदा मोकळ्या फरशीवर बसली. तिनं जुनी गाठ सोडली. दोन्ही पोपट चोचीला चोच लावून जुळवले आणि जिथे दोरा दुमडला तिथे बोट ठेवलं. ती तिचीच कोयरी होती, जास्तीच्यांपैकी एक. तिथे तिनं लाल दोरा दोनदा गुंडाळून बांधला, उभी राहिली आणि त्याच दोऱ्याला धरून तोरण हळूहळू वर उचललं. दोन्ही पोपट एकाच उंचीवर लोंबले.