बाईंचे नवे डोळे

बाईंच्या दुसऱ्या डोळ्याचाही मोतीबिंदू काढून झाला आणि घरात सगळ्यांचं धाबं दणाणलं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं असल्यामुळे त्यांना सगळे बाईच म्हणत, लग्न होऊन आल्या दिवसापासून सूनसुद्धा. दोन वर्षं धुक्यात काढल्यावर आता त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. पंख्यावरची धूळ, पातेल्याचं करपलेलं बूड, मुलाचं मागून पडत चाललेलं टक्कल. आरशात बघून त्या म्हणाल्या, "ही म्हातारी कुणी आणून बसवली इथे?"

तीन आठवड्यांनी मुलगा बायकोला म्हणाला, "आईला कुठेतरी बाहेर घेऊन जा. निदान दुसऱ्यांच्या चुका काढू देत."

सून औषधाच्या दुकानात कामाला होती. दुकानात येणारं एक गिऱ्हाईक सांगत होतं की पलीकडच्या खेड्यातल्या जुन्या चर्चमध्ये यंदा घरोघरच्या आणि दुकानादुकानांच्या लोकांनी सजवलेली ख्रिसमसची झाडं मांडली आहेत. म्हणून गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तिने सासूला गाडीत बसवलं.

चर्च चारशे वर्षांचं. दार इतकं बुटकं की आत शिरताना मान आपोआप खाली जावी. उंबऱ्याचा दगड मधोमध झिजून बशीसारखा झालेला. बाई दारातच थांबल्या आणि वर कोरलेल्या ओळी वाचू लागल्या.

"इथे पाथरवटाने एक अक्षर गाळलंय," त्या म्हणाल्या. "मग लक्षात आल्यावर वर बारीक करून घुसडलंय. बघ."

सुनेने बघितलं. खरंच होतं. चारशे वर्षं लोक त्या दाराखालून जात होते, आणि बाईंनी एका मिनिटात बिचाऱ्याला पकडलं होतं. त्या मात्र खूश होऊन आत शिरल्या, वर्गातला हुशार पण धांदरट मुलगा भेटावा तशा.

आत पाऊल टाकलं आणि बाईंनी मान वर केली. दोन्ही बाजूंच्या बाकांच्या कडेने, खांबांभोवती, थेट वेदीपर्यंत झाडंच झाडं. तीसेक तरी असतील. न्हाव्याने आपल्या झाडाला कंगवे आणि छोटे आरसे टांगले होते. नळवाल्याने पितळी तोट्या घासूनपुसून लावल्या होत्या. दवाखान्यातल्या नर्सनी हातमोजे फुगवून त्यांना नाक-डोळे काढले होते. सगळीकडे दिव्यांच्या बारीक माळा.

"मला दिवा दिसला की नुसता कापूस दिसायचा," बाई हळूच म्हणाल्या. "हे एकेक वेगळे आहेत गं."

सुनेने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

शाळेच्या झाडापाशी मात्र बाईंमधली बाई जागी झाली. मुलांनी पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर आपापल्या इच्छा लिहून टांगल्या होत्या. "मला सायकल हवि." बाईंनी पर्समधून लाल पेन काढलं आणि वेलांटी दुरुस्त केली. "बाबांचि बदली होऊ नये." तीही केली.

"बाई, अहो, लोक बघताहेत," सून कानाशी म्हणाली.

"बघू देत. शिकतील."

तिसऱ्या चिठ्ठीवर होतं, "माझ्या आजिला दिसु दे." पेन तिथेच थांबलं. बाईंनी मागे वळून वर्गातल्या आवाजात विचारलं, "हे कुणी लिहिलंय?"

शेवटच्या बाकावरून आठेक वर्षांची एक मुलगी उठून उभी राहिली. "मी. पण पुसू नका ते."

"पुसत नाही. आजी कुठाय तुझी?"

आजी तिच्या शेजारीच होती. निळा स्वेटर घातलेली, हात मांडीवर ठेवून बसलेली. "मी ऐकायला येते," ती ओशाळून म्हणाली. "झाडं बघून लोक काय काय बोलतात, ते ऐकते. बरं वाटतं."

बाई तिच्याजवळ टेकल्या. "मोतीबिंदूच ना?"

"डॉक्टर म्हणतात, पिकलाय. पण डोळ्यात सुई घालून कोण घेणार हो?"

"मी दोनदा घेतलीय."

"भीती नाही वाटली?"

"वाटली तर. टेबलावर पडल्यापडल्या मी पाढे म्हणायला लागले, एकवीसपासून. एकोणतिसाच्या मध्यावर डॉक्टर म्हणाले, झालं. मी म्हटलं, थांबा, पाढा पुरा होऊ द्या."

आजी तोंडावर हात घेऊन हसली. सून मात्र बघतच राहिली. घरी बाईंनी सांगितलं होतं, त्यात काय घाबरायचंय. ऑपरेशनच्या वेळी ती बाहेर बाकावर बसून औषधांची नावं वाचत होती आणि आत या बाई एकट्या पाढे म्हणत होत्या.

मग बाईंनी आजीचा हात धरला आणि एकेक झाड दाखवायला, म्हणजे सांगायला, सुरुवात केली. तोट्या चाचपायला दिल्या. हातमोज्याच्या बाहुल्याला दाढी आहे म्हणून सांगितलं. आजी म्हणाली, "नर्सच्या झाडाला दाढी कशाला?" आणि दोघी इतक्या हसल्या की चर्चची देखभाल करणारे काका हातातला झाडू घेऊन बघायला आले. तासभर हे चाललं. सून दोन पिशव्या आणि ती मुलगी घेऊन मागेमागे.

शेवटच्या झाडापाशी आजी म्हणाली, "तुम्ही सोबत येणार असाल तर करते."

"येईन. पण पाढे तुमचे तुम्ही म्हणायचे."

"मला दहाच्या पुढचे येत नाहीत."

"मग दहाचाच म्हणा. सावकाश."

सुनेने तिथूनच मुलीच्या वडिलांना फोन लावला आणि दवाखान्याचा नंबर दिला. तो म्हणाला, "दीड वर्ष आम्ही पाया पडतोय हो तिच्या."

बारा दिवसांनी ऑपरेशन झालं. बाई सकाळी सातलाच तयार होऊन बसल्या होत्या, आणि सुनेने न सांगताच दुकानातून रजा टाकली होती. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायलाही दोघी गेल्या. नर्सने हलक्या हाताने कापूस बाजूला केला. आजीने दोनचारदा डोळा मिचकावला, मग समोर उभ्या असलेल्या नातीकडे नीट निरखून बघितलं.

"तुझा पुढचा दात कधी पडला गं?"

"दोन महिने झाले," नात म्हणाली, आणि नवीन येतोय तो दाखवायला तिने आ केला.