मोहोळाखालचं गाऱ्हाणं

सहदेवचे हंटर बूट मला बोटभर मोठे होत होते. पुढे कापूस कोंबला, लुगडं घोट्याच्या वर खोचलं आणि भटवाडीच्या पायऱ्या उतरायला लागले, तर सगळी चाळ गॅलरीत उभी. शेजारच्या शेवंतीने विचारलं, "जानके, कुठल्या लढाईला गं?" मी म्हटलं, किल्ल्यावरच्या देवीला चाललेय. ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

उरलेलं अर्धं म्हणजे शुभा.

माझा सहदेव मुलुंडच्या एका मंडळाबरोबर डोंगर चढायला जायचा. मंडळाचे प्रमुख अनंतराव, सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर. शुभा त्यांची एकुलती एक मुलगी. दोघांचं जुळलं ते त्या डोंगरांतच. सहदेव कारखान्यात फिटर, आम्ही घाटकोपरच्या टेकडीवर भटवाडीत एका खोलीत, त्यांचा मुलुंडला स्वतःचा फ्लॅट. पोरीच्या बापाला सांगायची कुणाची छाती होत नव्हती. शेवटी शुभानेच तोड काढली. बाबा घरी तापट असले तरी डोंगरावर एकदम वेगळे असतात, वर पोचले की गाणी म्हणतात, तेव्हा वरच सांगू या, असं ती म्हणाली.

पण मुलाने स्वतःचं लग्न स्वतः मागायचं, हे आमच्यात चालत नाही. मागणी वडीलधाऱ्यांनी घालायची. गिरणी गेल्यापासून सहदेवचे वडील विक्रोळीला वॉचमन होते, त्यांना सुट्टी मिळेना. म्हणून मी आणि माझा थोरला भाऊ दत्ताराम, असे दोघे निघालो. मामाचा मान असतोच. अनंतरावांना एवढंच सांगितलं, की आईला देवीचं दर्शन घ्यायचंय. त्यांना इतका आनंद झाला, की माझी सॅक त्यांनी स्वतः भरून दिली.

शहाऐंशी सालचा जानेवारी होता. मुरबाडच्या पुढे एसटी सोडली तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. पायवाटेला लागलो आणि मला काय झालं कोण जाणे. लग्न होऊन मुंबईला आले तेव्हापासून मी चढले होते ते पाण्याच्या हंड्यासकट भटवाडीचा चढ. इथे दवाने भिजलेलं गवत, कारवीची सुकलेली झुडपं, आणि समोर काळा कडा सरळ आभाळात गेलेला. लहानपणी मी करवंदांसाठी असेच डोंगर पालथे घातले होते. पाय आपोआप पडायला लागले. थोड्या वेळाने मागे बघितलं तर शुभा माझ्यामागे आणि पुरुष मंडळी खाली धापा टाकतायत.

अनंतराव वर आले ते हसतच. म्हणाले, "वहिनी, पुढच्या हिवाळ्यात तुम्हीच लीडर. मी जेवणाचं सामान वाहीन."

सहदेवने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. त्याचा अर्थ, आई, काम झालं समज.

दुपारच्या आधी आम्ही कड्याच्या पोटातल्या लेण्यापाशी पोचलो. तिथे सॅक ठेवायच्या, पाणी भरायचं, मग वरच्या देवळात जायचं आणि मुक्कामाला लेण्यात परत यायचं, असं ठरलं होतं. लेण्याच्या डोक्यावर कड्याला काळी काळी सुपं लटकल्यासारखी दिसत होती. अनंतरावांनी ती आम्हाला कौतुकाने दाखवली. आग्या मोहोळ, म्हणाले, चार पोळी आहेत, त्यांच्या वाटेला गेलं नाही तर तीही आपल्या वाटेला येत नाहीत.

आता माझ्या भावाचं सांगते. दत्तारामदादा दहिसरला राहायचा, पण त्याचा जीव सगळा कोकणातल्या गावात. गावी गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे. परक्या जागेत रात्र काढायची तर त्या जागेच्या राखणदाराला आधी सांगायचं. आपण कोण, कशाला आलो, मनात काय आहे, सगळं खरं सांगायचं. राखणदारापासून लपवलं तर तो सांभाळत नाही. दादाने सॅकमधून नारळ काढला, नारळाच्या वरच्या काथ्याची सोडणं काढली, ती लेण्याच्या तोंडाशी पेटवली आणि वर मूठभर ऊद टाकला. सोडणं पुरती वाळलेली नव्हती. जाळ कमी आणि धूर फार.

अनंतरावांनी गाऱ्हाणं कधी ऐकलं नव्हतं. ते पोरासारखे खूश झाले. आम्ही कसं उभं राहायचं, काय म्हणायचं, सगळं विचारून घेतलं आणि दादाच्या शेजारीच हात जोडून उभे राहिले.

दादाने आवाज लावला. "बा राखणदारा म्हाराजा, आज ही पाच माणसा तुझ्या जाग्यात वस्तीक इली हत."

"व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज अनंतरावांचा. कडा घुमला.

"तेंका सांभाळ. इच्चूकाटो, साप-किरडू, तेंच्या वाटेक येव देव नको."

"व्हय म्हाराजा."

"ह्यो माझो भाचो सहदेव. हेचा नि ह्या चेडवाचा मन एकमेकात बसला हा."

मी दादाच्या सदऱ्याला मागून ओढ दिली. पण गाऱ्हाणं घालायला लागलेला माणूस मध्येच थांबत नाही. आणि अनंतराव तर रंगात आले होते, चेडू म्हणजे मुलगी हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं. ते म्हणून गेले, "व्हय म्हाराजा."

"चेडवाच्या बापाशीक सांगूचो धीर कोणाक नाय. तेका देवळात नेऊन खुशीत गाठूचो, असो आमचो बेत हा. तो बेत सिद्धीस ने."

अनंतरावांनी तोंड उघडलं. व्हय एवढं बाहेर आलं आणि पुढचा शब्द तिथेच राहिला. त्यांनी मान वळवून सहदेवकडे बघितलं, मग शुभाकडे, मग माझ्याकडे. जोडलेले हात तसेच होते. त्यांचा चेहरा लाल व्हायला लागलेला मी बघितला, आणि त्याच वेळी वरून आवाज आला. एखाद्या गिरणीचं खातं चालू व्हावं तसा.

धूर सरळ कड्याला धरून वर गेला होता.

पहिली माशी माझ्या ओठावर बसली. मग मोजदाद राहिली नाही. दादा ओरडला, सगळे पळा. शुभाने माझ्या दंडाला धरून मला लेण्यात खेचलं, आतल्या कोपऱ्यात पालथं पाडलं, आणि आम्हा दोघींवर सॅकवरची घोंगडी ओढून चारी बाजूंनी दाबून धरली. बाहेर नुसता घूं घूं. आत काळोख आणि आमचे श्वास. माझा ओठ सुजत होता, पाठीवर आगीचे ठिपके उठत होते, आणि ही पोर माझ्या कानाशी विचारतेय, "काकू, बाबांनी सगळं ऐकलं?"

"ऐकलं."

"चिडले?"

मी म्हटलं, बाई, आधी जगू दे.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर दादाने सांगितलं. तो स्वतः लेण्यालगतच्या पाण्याच्या टाक्यात उतरून नाकापर्यंत बुडून बसला होता. अनंतरावांचा चष्मा उडाला होता. डोळ्यांवर दोन्ही हात घेऊन ते लेण्यापुढच्या अरुंद वाटेने धावत सुटले, आणि वाट संपते तिकडेच. पुढे खोल दरी. सहदेवने हाका मारल्या, पण त्या घोंघावण्यात ऐकू कुठलं येतंय. मग तो त्यांच्यामागे धावला आणि त्याने जमिनीवर अंग झोकलं. भटवाडीच्या कबड्डी संघात तो डावा कोपरा खेळायचा. दोन्ही हातांनी त्याने अनंतरावांचा घोटा पकडला आणि सोडला नाही. ते तोंडावर आपटले. दरी त्यांच्या डोक्यापासून दोन हातांवर होती. त्यांना ते दिसलंच नव्हतं. त्यांनी उलट सहदेवला दुसऱ्या पायाने लाथा मारल्या आणि मेल्या, सोड म्हणून ओरडले. मग सहदेव त्यांच्या अंगावर आडवा झाला आणि माश्या निवेपर्यंत तसाच पडून राहिला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा अनंतराव ओळखू येत नव्हते. डोळ्यांच्या नुसत्या फटी राहिल्या होत्या, घोटा टम्म सुजला होता. सहदेवची मान आणि कान भाजलेल्या वांग्यासारखे. सॅक तिथेच टाकल्या. सहदेव आणि दादा आळीपाळीने अनंतरावांना पाठीवर घेऊन खाली निघाले. शुभा पुढे वाट दाखवत होती आणि सारखी मागे वळून बापाचं तोंड बघत होती. त्या तोंडावरून राग कळेल अशी सोयच राहिली नव्हती.

पायथ्याच्या वाडीत पहिलं घर सुंदराबाईचं. तिने आमची तोंडं बघितली आणि आधी पोटभर हसली. मग पडवीत घोंगडं टाकलं, चुना दिला, आणि काटे नखाने खरवडून काढा, चिमटीत धरू नका, असं बजावलं. शुभा पुढे झाली. अनंतराव उताणे पडले होते. त्यांनी डोळे न उघडताच सांगितलं, "त्याला काढू दे."

सहदेव त्यांच्या उशाशी बसला. एक काटा निघाला की एक प्रश्न यायचा.

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून, काका."

"म्हणजे माझ्याच ट्रेकमध्ये."

सहदेवने विचारलं, दुखतंय का.

"काटा काढ. विषय बदलू नकोस. नोकरी कायम आहे की बदली कामगार?"

"मार्चमध्ये कायम झालो."

"लाथा किती लागल्या?"

"दोन-तीन."

"मला पाच आठवतात." त्यांनी दुसरा गाल पुढे केला. "दरी कुठे होती?"

दादाने सांगितलं, डोक्यापासून दोन हातांवर. अनंतरावांनी हात डोक्यामागे नेला आणि तेवढं अंतर चाचपून बघितलं.

दादाला राहवलं नाही. चूक माझी, धूर मी केला, राग माझ्यावर काढा, असं म्हणून तो चक्क त्यांच्या पायाशी बसला. अनंतरावांनी हात हलवला. पोळी त्यांनी स्वतः दाखवली होती, म्हणाले, आणि धूर वर जाताना त्यांच्याइतकं मोठ्याने कुणी ओरडत नव्हतं. मग मात्र त्यांचा आवाज चढला. "तुम्ही डोंगराला सांगितलंत, दत्तारामभाऊ. दगडाला सांगितलंत. मला सांगायला काय झालं होतं?"

शुभा भिंतीकडे तोंड करून रडायला लागली.

"तुमच्याकडे खोल्या किती?" त्यांनी सहदेवला विचारलं.

"एक. वर पोटमाळा आहे."

"पाणी?"

"नळ खाली आहे. सकाळी येतं."

"बाबा, मला ते सगळं..." शुभा म्हणाली.

"तू थांब."

मला कळलं, की आता मी बोलले नाही तर हे पुन्हा कधी बोललं जाणार नाही. ओठ पुरीसारखा फुगला होता. मी पदर सारखा केला, बूट काढून बाजूला ठेवले आणि त्यांच्यासमोर बसले. "अनंतराव, मी तुमच्या मुलीला मागायला आले होते. देवीपुढे मागणार होते, ते राहिलं. आता इथे मागते. तुमची शुभा माझ्या सहदेवाला द्या. आमच्याकडे जागा कमी आहे, हे मी लपवत नाही."

सुंदराबाई चहा घेऊन दारातच थबकली. अनंतरावांनी एक डोळा बोटांनी ताणून उघडला आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, डोंगरात आलो की मी कुणाला नाही म्हणत नाही. पोरीला ते माहीत आहे, म्हणून तर हा सगळा घाट. तेव्हा इथे मी उत्तर देणार नाही." शुभाने हुंदका आवरला. ते पुढे म्हणाले, "रविवारी येतो. घर बघायला."

घर बघायला येतो म्हणजे काय, हे आपल्यात लहान पोरालाही कळतं. ज्याला नाही म्हणायचं असतं, तो घराची पायरी चढत नाही. शुभाने सहदेवकडे बघितलं. सहदेव नखावर काटा घेऊन तसाच बसला होता.

"चाळ टेकडीवर आहे ना तुमची?" अनंतरावांनी विचारलं. "ह्या पायाने चढवेल का?"

"मी नेईन वर," सहदेव म्हणाला.

"नेशील. पण लोकांदेखत पाठीवर बसणार नाही मी."

सुंदराबाईने चहा पुढे केला. ओठामुळे मला कपाला तोंड लावता येईना, म्हणून बशीत ओतून फुंकर मारत बसले. रविवारला अजून अवकाश होता, पण मी मनातल्या मनात दारातलं पाण्याचं पिंप हलवायला घेतलं होतं.