तुलनेचा चौथा नमुना

प्रोफेसरीणबाईंनी काचेच्या बाटल्या तिसऱ्यांदा धुतल्या आणि यंत्राने तिसऱ्यांदा तोच आकडा दाखवला. त्यांनी यंत्राला दोन शिव्या हासडल्या. यंत्राच्या बापाचं काय जातंय!

प्रोफेसरीणबाई हे घरच्यांनी थट्टेने पाडलेलं नाव. खरं तर औषधं आणि रसायनं शरीरात शिरून काय उद्योग करतात, ते तपासणाऱ्या संस्थेत त्या संशोधक होत्या. सध्या काम चालू होतं ते रंग उजळवणाऱ्या क्रीमचं. बिनलेबलच्या डब्यांतून विकल्या जाणाऱ्या त्या क्रीममध्ये पारा असतो; तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडात ठाण मांडून बसतो. क्रीम लावणाऱ्या वीस जणींची लघवी तपासायची होती, आणि तुलनेसाठी न लावणाऱ्या चौघांची.

हे चौघे बाईंनी घरातूनच आणले. त्या स्वतः, ताई, भावोजी आणि भाची. "आमच्या घरात असली थेरं चालत नाहीत," असं त्यांनी संस्थेतल्या सरांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

वीस जणींकडून एकेक फॉर्म भरून घेतला होता. शेवटचा प्रश्न होता, क्रीम कोणाच्या सांगण्यावरून लावता? सासूच्या, आईच्या, शेजारणीच्या. एकीने नुसतंच 'सगळ्यांच्या' असं लिहिलं होतं. वाचताना बाईंचं डोकं फिरायचं. जीवावर उठतात आणि वर माया म्हणतात!

आणि आता सगळ्यांत जास्त पारा निघाला होता तुलनेच्या चौथ्या नमुन्यात. भाचीच्या.

दुपारीच त्या घरी आल्या. भाची आरशासमोर बसली होती. गोरीपान दिसत होती, आणि चेहरा भरल्यासारखा. गेला महिनाभर सगळे त्याला लग्नाचं तेज म्हणत होते. बाईंनी खाली वाकून तिच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. ही सूज होती, आणि रोज एका टेबलावर जेवूनही ती त्यांना दिसली नव्हती.

"डबी कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कसली डबी?" ताई स्वयंपाकघरातून ओरडली. फार लवकर ओरडली.

डबी साबणाच्या खोक्यामागे सापडली. आत मोत्यासारखं चकचकीत क्रीम.

"ताई, हे विष आहे. हिची मूत्रपिंडं गळायला लागलीत. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"विष म्हणे! सगळ्या पोरी लावतात. रविवारी मंडळी बघायला येतायत. तेवढं पार पडू दे, मग बंद करते ती."

"तोवर ही टिकली पाहिजे ना!"

"तुला काय जातंय बोलायला?" ताईचा आवाज चिरकला. "तीन ठिकाणांहून सावळी म्हणून नकार आला. तेव्हा तुझी प्रयोगशाळा आली होती का हिचे डोळे पुसायला?"

घरात आकडे सांगून उपयोग नव्हता, हे बाईंना कळत होतं आणि त्याचाच संताप येत होता. त्या भाचीकडे वळल्या. "आणि तू गं? आई सांगते म्हणून काहीही फासशील तोंडाला?"

"आईने नाही सांगितलं," भाची शांतपणे म्हणाली. "एक डबी मैत्रिणीने दिली होती. थोडे दिवस लावून पाहिली, पण वास आवडला नाही म्हणून मी टाकून देणार होते. त्याच दिवशी तू ऑफिसातून आलीस आणि म्हणालीस, 'अगंबाई, किती उजळलीस! आज खरी छान दिसतेस.' एवढ्या वर्षांत तू मला पहिल्यांदा छान म्हणालीस, मावशी. मग मी दुसरी डबी आणली."

बाईंना ते वाक्य आठवलं. सहज बोलून गेल्या होत्या.

भाचीने तोंडाला ओला रुमाल लावला आणि खसाखसा पुसलं. "आई, त्या मंडळींना फोन कर. म्हणावं, मुलगी फोटोपेक्षा बरीच सावळी आहे आणि आजारी आहे. चालत असेल तर बरी झाल्यावर या." मग तिने चपला शोधल्या. पट्टा सुजलेल्या पायात शिरेना, तेव्हा ताईच खाली बसली आणि रडत रडत तो सैल करू लागली.

डॉक्टरांनी भाचीला ठेवून घेतलं. क्रीम बंद झालं की मूत्रपिंड सावरेल बहुतेक, पण किती ते आत्ता सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "चौथा नमुना काढून टाका. बाटली खराब होती असं लिहू. तुमच्या घरची उगाच चर्चा नको."

"बाटली स्वच्छ होती, सर. मीच धुतली होती, तीनदा. तो आकडा राहणार. फक्त तो तुलनेच्या यादीत नको, क्रीम लावणाऱ्यांच्या यादीत घ्या. वीस नाही, एकवीस."

मग त्यांनी एक कोरा फॉर्म ओढला. भाचीला विचारून आणलेली उत्तरं एकेक करून भरली. वय, किती महिने, दिवसातून किती वेळा. शेवटच्या प्रश्नाशी पेन थांबलं. क्रीम कोणाच्या सांगण्यावरून लावता?

त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, मावशीच्या.