कोपरे शाबूत

“माझ्याच हातून पडला, मावशी.” कुणी काही विचारायच्या आत मुलगी बोलून गेली.

बाईंनी फोन दिव्याखाली धरला. नवरा गेल्यापासून बारा वर्षं त्या त्याच्याच स्टुलावर बसून फोन दुरुस्त करत होत्या. हातातून निसटलेला फोन बहुतेक वेळा कोपऱ्यावर आपटतो, कोपरा चेपतो आणि तडे तिथून पसरतात. या फोनचे चारही कोपरे शाबूत होते, काच मात्र मधोमध खचली होती. चार महिन्यांतली ही तिसरी खेप. दर वेळी बाईंचा मुलगाच तिला घेऊन यायचा. दोघं अकरावीत एका वर्गात. पोरगी गुणी, म्हणून बाई मनातून खूश होत्या आणि दोन्ही वेळा त्यांनी हौसेनं काच बसवून दिली होती.

“घरी कुणी तापट आहे का गं? बाबा वगैरे?”

“तिचं घरच तसलं आहे,” उत्तर तिच्या शेजारी उभ्या मुलानं दिलं. मुलीनं बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या. “झाला की मला हाक मार,” म्हणत तो दुकानामागच्या घरात गेला.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली, पण ती मुलीच्या बापावरून. आपल्या पोराकडे संशयानं कोण बघतं?

नवी काच बसली, फोन सुरू झाला आणि कालचे न वाचलेले मेसेज आपसूक पडद्यावर आले. ‘कुठे आहेस?’ ‘कोणाबरोबर? फोटो पाठव.’ ‘उचलत नाहीस ना? भेट, मग बघतो तुला.’ पाठवणाऱ्याचं नाव वाचून बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. नाव त्यांनीच ठेवलेलं होतं.

“हा पडलेला नाही, फेकलेला आहे,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुलाही मारतो ना गं तो?”

मुलीनं बाही जराशी वर केली. मनगटावर चार बोटं निळी उमटली होती.

“त्याला बोलू नका. नंतर माझ्यावरच काढतो. तशी चूक माझीच असते.”

“अजिबात नाही. तुझी काही चूक नाही. तुझ्या आईला सांगू या? मी येते बरोबर. पण तू हो म्हणालीस तरच.”

मुलीनं मान डोलावली.

तेवढ्यात मुलगा बाहेर आला. “झाला? दे इकडे.”

“जिचा आहे तिला देते.” बाई दोघांच्या मधे उभ्या राहिल्या.

“आई, मी तुझा मुलगा आहे!”

“म्हणूनच तर दोनदा डोळे झाकून काच बसवली. मी येईपर्यंत घरातच थांब. तुझ्याशी बोलायचंय.”

तो ज्या नजरेनं बघत होता ती बाईंनी कधी पाहिली नव्हती. तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. शेवटी तोच पाय आपटत आत गेला.

भर दुपारी त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. मोहरीएवढे स्क्रू चिमटीत धरणाऱ्या बाईंना कुलपात किल्ली काही केल्या घालता येईना. मुलीनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि कुलूप लावलं.