दुकानातला वरचा सूर

ऑर्केस्ट्रात त्याला सगळे बटणराव म्हणत आणि तो ते नाव आनंदानं मिरवत असे. बायको पुढे उभी राहून गायची, हा मागे आवाजाच्या मिक्सरवर बसायचा. वीस वर्षांचा संसार असाच झाला होता. आवाज तिचा, कमी-जास्त करणं याचं.

आज मात्र बटणरावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. जुना वायरलेस माईक ज्या फ्रिक्वेन्सीवर चालायचा, ती आता सरकारनं मोबाइलवाल्यांना दिली होती. नवा घेणं भागच होतं.

"तू कशाला येतेस? मी आणतो ना निवडून," त्यानं परोपरीनं सांगून पाहिलं.

"गाणार मी आणि निवडणार तुम्ही? वा!" ती चपला घालून दारात उभीसुद्धा होती.

दीड वर्षापूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून तिचा वरचा सूर परत आलाच नव्हता. हे फक्त बटणरावांना ठाऊक होतं. मागे कोरसमध्ये तिची धाकटी बहीण गायची, आवाज थेट तिच्याच वळणाचा. वरची जागा आली की तो मिक्सरवरचा बायकोचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, हळूच खाली घ्यायचा आणि मेहुणीचा वर. गाताना स्वतःला ऐकण्यासाठी बायकोच्या कानात जो मॉनिटर असायचा, त्यातही तेच सोडायचा. धाकटी बिचारी आपण ताईला साथ देतोय असं समजून जीव तोडून गायची. घरी रियाजात सूर फाटला की बायको म्हणायची, "स्टेजवर लागतो ना, मग झालं." ऑपरेशनला जाताना ती म्हणाली होती, "सूर गेला तर मला शुद्धीवर आणू नका." ते वाक्य त्याच्या काळजात रुतून बसलं होतं. माणूस अशा वेळी काय करणार? त्यानं बटणं फिरवली.

दुकानदारानं पहिला माईक आपल्या मिक्सरला जोडून तिच्या हातात दिला. ती गायली आणि वर जाताच आवाज फाटला.

"हा चिरकतोय. दुसरा दाखवा."

दुसराही चिरकला, तिसराही. बटणरावांनी सेल बदलायला लावले, रिसीव्हर टेबलावरून कपाटावर नेला, खोली घुमते म्हणून भिंतींना नावं ठेवली. मग दुकानदाराच्या कानाशी लागून तो म्हणाला, "फार बारीक टिपणारा नको. जरा झाकून घेणारा द्या."

"झाकून घेणारा? लोक तर टिपणारा मागतात, साहेब!"

पाचव्याला तिचा तोल सुटला. "एवढ्या मोठ्या दुकानात एक धड माईक नाही?"

दुकानदाराला ते झोंबलं. त्यानं माईक घेतला आणि स्वतःच दोन ओळी म्हटल्या. सुराशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, पण आवाज स्वच्छ आला. वर नेला तरी कुठे फाटला नाही. 

"सर्वांत जास्त टिपणारा द्या," ती म्हणाली.

तिनं नवा माईक ओठांजवळ धरला आणि नेहमीच्या ओळीला हात घातला. वरची जागा आली तशी स्पीकरमधून तिचा आवाज नाहीसाच झाला. नुसती शांतता.

तिनं वळून पाहिलं. बटणरावांचे दोन्ही हात दुकानदाराच्या मिक्सरवर होते. ते तिथे कधी गेले, त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. डाव्या हातानं तिचा फेडर खाली ओढला होता आणि उजव्यानं शेजारचा पार वर नेला होता. त्या शेजारच्याला माईकच जोडलेला नव्हता.

तिनं त्या वर नेलेल्या फेडरकडे बोट केलं.

"तिथे कोण असतं?" तिनं विचारलं.

त्यानं हात मागे घेतले. "धाकटी."

"कधीपासून?"

"ऑपरेशनपासून. तू जगली नसतीस गं. मला दुसरं काही सुचलं नाही."

दुकानदार काहीतरी निमित्त काढून आत गेला.

"मला वर घ्या," ती म्हणाली.

त्यानं घेतलं. तिनं पुन्हा तोच सूर लावला. तो तारेवर अडकलेल्या कापडासारखा टरकन फाटला आणि दुकानभर ऐकू गेला. दारातलं गिऱ्हाईक थबकलं. बटणरावांना ते सोसवेना, त्याचा हात आपसूक फेडरकडे गेला.

"हात लावू नका," ती माईकमध्येच म्हणाली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "दीड वर्षानं माझा आवाज मला ऐकू येतोय."