माठाजवळचा डबा

माझ्या नवऱ्याला, दिगंबरला, कुठलाही निर्णय घेता येत नाही. हॉटेलात गेला तर त्याचं मेनूकार्ड वाचून होईपर्यंत शेजारच्या टेबलावरची माणसं जेवून उठतात. अशा माणसाने छापखान्यातली नोकरी सोडून फोटोग्राफीचा धंदा काढला आणि मी त्याला हो म्हटलं. आमच्या दोघांत जास्त खुळं कोण ते तुम्हीच ठरवा.

धायरीचं काम आलं तेव्हा अठ्ठ्याण्णव साल होतं. गाव नुकतंच महापालिकेत गेलं होतं, पण जयसिंगरावांच्या दारात अजून गोठा होता आणि गोठ्याला लागून नवी कोरी मारुती. त्यांच्या धाकट्या मुलीचं, कुसुमचं, मे महिन्यात लग्न होतं. चहा पाजता पाजता जयसिंगरावांनी एकच अट घातली. "कलर कसे झगझगीत आले पायजेत. शालू उठून दिसला पायजे."

दिगंबरने मान डोलवली. आम्ही उठणार तेवढ्यात जयसिंगरावांच्या आई, सोजरबाई, आतून एक अल्बम घेऊन आल्या आणि त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. थोरल्या नातीच्या, विजयमालाच्या लग्नाचा. शालू लालभडक, हार लालभडक आणि मधोमध पिठाच्या डब्यात तोंड घालून आल्यासारखी एक गोरीपान बाई. मला हसू आवरेना.

"ही माझी इजी न्हाय," सोजरबाई म्हणाल्या. "इजी सावळी, माझ्यावानी. नांदायला बडोद्याला गेली. आठवण आली की ह्यो काढून बसते, तर परकीच बाई माझ्याकडं बगती. आता कुसुम तर मस्कतला चाललीया. परत कदी यील, मी आसंन का नसंन, कुणाला ठावं. तेवढी माझी पोर हाय तशी येऊ द्या फोटूत."

माझं हसू तिथल्या तिथे जिरलं. 

दुसऱ्या दिवशी आम्ही गोपाळकृष्ण मराठ्यांच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. मराठे गिऱ्हाइकाला कुठलंही वाक्य दोनदा सांगत नसत. त्यांनी काउंटरवर फिल्मचे दोन रोल ठेवले.

"ही नेहमीची. सगळे हीच नेतात. रंग ठासून भरलेले. आणि ही प्रोफेशनल, चेहऱ्यांसाठी केलेली. हिचे रंग मवाळ. दोन्ही मारून बघा आणि मग या. इथे उभं राहून विचार करू नका, दुकान लहान आहे."

दिगंबरने दोन्ही रोल मंडईत संपवले. तोच गाळा, तीच टोमॅटोची रास, मागे बसलेल्या त्याच भाजीवाल्या मथुराबाई. प्रिंट आले तेव्हा आम्ही ते घरी सतरंजीवर मांडले. नेहमीच्या फिल्ममधले टोमॅटो बघून तोंडाला पाणी सुटत होतं, पण मथुराबाईंच्या गालांवर कुणीतरी शेंदूर थापल्यासारखा दिसत होता. मवाळ फिल्ममधले टोमॅटो साधेच. मथुराबाई मात्र! कपाळावरचं गोंदण, उन्हाने रापलेला गळा, ओठाच्या कडेला मिश्रीचा डाग, सगळं जिथल्या तिथे. आता या बाई भाव सांगतील आणि घासाघीस केली तर आपल्याला हाकलतील, असं वाटलं मला.

दिगंबरच्या मात्र येरझाऱ्या सुरू झाल्या.

"जयसिंगरावांना नेहमीचीच आवडेल."

"आवडेल."

"शालू फिका दिसला तर त्या बाजूचं एकही काम मिळणार नाही. धंदा बंद करावा लागेल, सुहास."

"लागेल कदाचित."

"मग काय करू?"

"अरे, लग्न टोमॅटोचं आहे का?" मी ओरडलेच. इतका वेळ मीही भीतच होते, आणि भीती वाटली की माझा आवाज चढतो.

तो सतरंजीवर बसला. मथुराबाईंचा फोटो उचलून पुन्हा एकदा नीट पाहिला आणि म्हणाला, "मवाळ." आमचं लग्न झाल्यापासून त्याने इतक्या झटकन घेतलेला हा पहिलाच निर्णय.

रोल घेताना मराठ्यांनी सांगितलं, "उन्हाळा आहे, थंड ठेवा." पुढेही ते काहीतरी म्हणाले, पण दिगंबर काउंटरखाली पडलेली स्कूटरची किल्ली शोधत होता आणि मी बाहेर होते. घरी येऊन त्याने सगळे रोल एका डब्यात घातले, डब्यावर मोठ्या अक्षरांत 'उघडू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आणि डबा फ्रिजमध्ये ठेवला. लग्नाच्या दिवशी बर्फ भरलेल्या थर्मासातून रोल न्यायचे आणि लागेल तसा एकेक गारेगार रोल कॅमेऱ्यात घालायचा, असा त्याचा बेत होता. मला तो फार हुशारीचा वाटला.

लग्नाच्या दिवशी पहाटे तो थर्मास घेऊन फ्रिजपाशी गेला आणि किंचाळला. डब्याच्या जागी आमरसाचं पातेलं होतं.

सासूबाई माठाकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाल्या, "तो बघ तिथे. आज मंदाकिनी माहेरी जेवायला येणार आहे मुलांना घेऊन. रस कुठे ठेवू, डोक्यावर? काल संध्याकाळीच काढला डबा."

"आई, त्यावर लिहिलं होतं!"

"'उघडू नये' लिहिलं होतंस. मी उघडला नाही. 'हलवू नये' कुठे लिहिलं होतंस?"

दिगंबरने डबा गालाला लावून पाहिला. मे महिन्यातली अख्खी रात्र डबा बाहेर. दुकानं बंद, धायरीला नवरी नटायला बसलेली, आणि घरात दुसरा रोल नाही. माझ्या डोळ्यांसमोर सोजरबाई आल्या, मांडीवर आणखी एक परकी बाई घेऊन बसलेल्या. मी सासूबाईंना काही बोलले नाही, कारण बोलले असते तर ते निस्तरायला वर्ष लागलं असतं. मी सरळ मराठ्यांच्या घरचा फोन फिरवला आणि रिसीव्हर दिगंबरच्या हातात दिला. इतका मोठा आवाज होता त्यांचा की मलाही सगळं ऐकू येत होतं.

"फिल्म रात्रभर फ्रिजबाहेर राहिली हो," दिगंबर म्हणाला. "गेली का?"

"कुठे ठेवली होतीत? चुलीवर?"

"माठाजवळ."

"मग कुठे जाणार ती? आज वापरायची आहे ना? उत्तम झालं. दुकानात काय सांगितलं होतं मी?"

"थंड ठेवा."

"आणि वापरायच्या आधी दोन-तीन तास बाहेर काढून ठेवा. ते सांगत होतो तेव्हा आपण काउंटरखाली होतात. गारेगार रोल उघडला की त्यावर दव धरतं, बाटलीवर धरतं तसं. मग नवरीच्या तोंडावर ठिपके."

दिगंबरने हातातल्या थर्मासाकडे पाहिलं. आत बर्फ खुळखुळत होता.

"म्हणजे... आईने बाहेर काढली ते..."

"आईंना माझा नमस्कार सांगा. आणि लोकांना इतक्या पहाटे उठवू नये, हे सांगायचं मी विसरलो. ती चूक माझी."

फोन ठेवून दिगंबर जो हसत सुटला तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्याच्या हातातला थर्मास घेतला आणि बर्फ मोरीत ओतून दिला.  सासूबाईंनी दोघांकडे पाहिलं, रसाच्या पातेल्यावरचं झाकण नीट केलं आणि म्हणाल्या, "निघा आता. मुहूर्त काही तुमच्यासाठी थांबणार नाही."

लग्न झालं. लॅबवाला सवयीने सगळ्या नववधूंचे चेहरे उजळवून देतो, म्हणून दिगंबर प्रिंट निघेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभा राहिला. आम्ही अल्बम घेऊन धायरीला गेलो तेव्हा कुसुम मस्कतला पोचली होती.

जयसिंगरावांनी चार पानं उलटली. "सायेब, जरा फिकंच वाटतंय. शालू काय उठला न्हाय." दिगंबर माझ्याकडे बघेना. मीही जमिनीकडे पाहत होते.

सोजरबाईंनी अल्बम आपल्याकडे ओढून घेतला, चष्मा लावला आणि मुंडावळ्या बांधलेल्या कुसुमचं पान उघडलं. सावळी, हळदीने किंचित पिवळसर झालेली, हनुवटीवर जुना व्रण. त्यांचं बोट त्या व्रणावर थांबलं.

"वसरीवरनं पडली व्हती," त्या म्हणाल्या. "चार वर्साची आसंल. माझ्याच कडंवर रडत निजली."

 मग त्यांनी पदराने डोळे पुसले, दोन्ही हात फोटोवरून, कुसुमच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडली.

"आये, फोटू हाय त्यो," जयसिंगराव हसत म्हणाले.

"तुला आसंल फोटू," सोजरबाई म्हणाल्या. "लग्नाच्या गडबडीत पोरीची दिष्ट काढायची ऱ्हायली व्हती."